दाराखालची पट्टी

त्याला सगळे ठोकबा म्हणत. खरं नाव होतं, पण ते विजेच्या बिलापुरतं उरलं होतं. पंधराव्या वर्षी हातात हातोडी आली ती पन्नाशी उलटली तरी सुटली नव्हती, आणि पत्रा ठोकता ठोकता दोन्ही कान निम्मे कामातून गेले होते. त्यामुळे तो बोलायचा मोठ्यानं आणि ऐकायचा कमी. बायको म्हणायची, "ह्यांच्याशी भांडायचं म्हणजे आधी शेजाऱ्यांना बसायला खुर्च्या द्याव्या लागतात."

गाव समुद्राच्या काठावर, आणि वाऱ्यात बारा महिने मीठ. खिडक्यांचे गज, सायकलींच्या साखळ्या, पाण्याच्या टाक्या, सगळ्यांवर गंज चढायचा. मोटारींचं तर विचारूच नका. दहा वर्षांची गाडी इथे वीस वर्षांची दिसायची. त्यामुळे ठोकबाला कामाचा तोटा नव्हता. बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यामागे त्याची शेड होती. आत दोन गाड्या जेमतेम मावत. तिसरी आली की तिचं नाक रस्त्यावर. दाराशी पाटी नव्हती. पाटी लावली तर तीही गंजेल आणि मग लोक काय म्हणतील, असं तो म्हणायचा.

त्याच्या कामाची गावात ख्याती होती. दुसरे कारागीर गंजाचा फोड वरवर खरवडत, त्यावर लांबीचा लगदा भरत, घासून गुळगुळीत करत आणि रंग मारून गाडी चकाचक परत देत. सहा महिन्यांनी तोच फोड दुप्पट होऊन वर यायचा. ठोकबा स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं गंज टोकरत टोकरत जाई, चांगला पत्रा लागेल तिथे खडूनं रेघ मारी आणि रेघेच्या आतलं सगळं कापून काढी. मग नवा पत्रा वाकवून, ठोकून, बेतून तिथे वेल्डिंगनं बसवी. गिऱ्हाईक कुरकुरलं की म्हणे, "किडलेल्या दातावर चांदी चढवायची असेल तर पलीकडच्या गल्लीत जा. माझ्याकडे दात उपटतात."

असा हा माणूस आयुष्यात एकदाच घसरला, आणि तोही बहिणीपायी.

ताई त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि ती सोळा. वडील बोटीवर कामाला, सहा सहा महिने घराबाहेर. ताईनं शाळा सोडली, दोन खोल्यांचा संसार अंगावर घेतला आणि ह्याला वाढवलं. त्याचा गोवर, त्याचे दुखरे कान, त्याचं दोनदा नापास होणं, सगळं तिनं निस्तरलं. पत्र्याच्या कामालाही तिनंच लावलं; पहिल्या उस्तादापुढे हाताला धरून उभं केलं ते तिनंच. तो आपल्या पायांवर उभा राहिल्यावर मग तिनं लग्न केलं. तोवर तिला मागण्या येणं जवळजवळ थांबलं होतं.

भाऊजी बंदरावरच्या गोदामात देखरेखीला होते. टापटिपीचे, मितभाषी, बुटांना रोज पॉलिश करणारे. मूलबाळ झालं नाही. त्यांची सगळी हौस एका निळ्या चार दारी गाडीवर गेली. दर रविवारी ते ती धूत. पण गाडी वरून धुता येते, गंज मात्र खालून आणि आतून येतो. बावीस वर्षांत तो यायचा तसा आला.

त्या वर्षी भाऊजींचे डोळे अधू झाले आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली. गाडी विकायचं ठरलं. बाजारातला एक शिंपी शुक्रवारी बघायला येणार होता. मंगळवारी सकाळी भाऊजी एका शेजाऱ्याला चालवायला बसवून गाडी घेऊन ठोकबाच्या शेडवर आले. ताई बरोबर होती.

ठोकबा गाडीखाली सरकला. दारांच्या खाली, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत पत्र्याची एक पोकळ पट्टी असते. दिसायला ती शोभेची वाटते, पण गाडीचा सगळा भार तिच्यावर तोललेला असतो. चाक बदलताना जॅकही तिच्याच खाली लावतात. उजवी पट्टी बरी होती. डाव्या पट्टीला त्यानं स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर ओढला तेव्हा ओंजळभर तांबडा भुगा त्याच्या छातीवर पडला.

"भाऊजी, ही पट्टी संपली आहे," तो बाहेर येत म्हणाला. "वर रंग आहे म्हणून आकार दिसतोय एवढंच. कापावी लागेल. तीन आठवडे धरा."

"तीन आठवडे? अरे, तो शुक्रवारी येतोय."

"मग त्याला थांबायला सांगा."

"थांबतोय कशाला? दुसरी बघेल. तू नुसती दिसायला नीट कर. घरापासून दुकानापर्यंत चालवणार तो, आणखी काय करणार आहे?"

ठोकबा नुसती मान हलवत राहिला. इतका वेळ शेडच्या दारात पर्स छातीशी धरून उभी असलेली ताई तेव्हा पुढे आली.

"छोट्या," ती म्हणाली. पन्नाशी उलटलेल्या माणसाला ह्या नावानं हाक मारणारं जगात ते एकच माणूस उरलं होतं. "मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं आहे का रे?"

मागितलं नव्हतं. पंचेचाळीस वर्षांत एकदाही नाही. ठोकबानं चावीसाठी हात पुढे केला.

बुधवारी आणि गुरुवारी त्यानं शेडचं शटर अर्धं खाली ओढून काम केलं. एरवी तो सताड उघड्या दारात काम करायचा; येणारे जाणारे थांबून बघत, ते त्याला आवडायचं. ह्या वेळी त्यानं भुगा झटकून काढला, पोकळीत वर्तमानपत्राचे बोळे ठासले, त्यावर बारीक जाळी अंथरली, जाळीवर लांबी भरली. वाळल्यावर घासली, पुन्हा भरली, पुन्हा घासली, वरून रंग मारला आणि खालच्या बाजूला काळं डांबरी लेपण. दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्यानं एका टिचकीत ओळखलं असतं. पण हे त्याच्या हातचं होतं, आणि हात चांगला असला की खोटं कामही चांगलंच होतं. गुरुवारी संध्याकाळी पट्टीवरून तळवा फिरवताना त्याला स्वतःच्या सफाईचीच शिसारी आली.

गाडी न्यायला भाऊजी आले तेव्हा तो म्हणाला, "एवढं एक करा. घेणाऱ्याला सांगा, डाव्या बाजूला पट्टीखाली जॅक लावू नको म्हणावं. काहीही झालं तरी."

"सांगतो की. न सांगायला काय झालं?"

"नक्की ना?"

"अरे, सांगतो म्हटलं ना!"

गाडी गेली. आठवडाभर ठोकबाला अन्न गोड लागलं नाही. मग लागायला लागलं. माणसाचं असंच असतं. मोठं पाप पचवायला वेळ लागतो, पण पचतच नाही असं नाही. ताई मधेच एकदा स्वतः विणलेला स्वेटर देऊन गेली. त्यानं तो थंडीभर घातला.

आठ महिने गेले.

एका दुपारी निळी गाडी कण्हत कण्हत शेडपुढे येऊन थांबली. गिअर दुसरा, बाजारापासून बहुधा दुसराच. चालवणारी बाई चाळिशीची, किडकिडीत, स्टिअरिंग असं घट्ट धरून की ते कुणीतरी पळवून नेईल. ती उतरली, वळसा घालून पलीकडे गेली आणि डावं दार लोटलं. दार लागलं नाही. पुन्हा लोटलं, पुन्हा नाही.

ठोकबानं गाडी लांबूनच ओळखली होती. हातातली लाकडी मोगरी त्यानं हळूच बाकावर ठेवली.

"तुम्हीच ठोकबा ना?" बाई म्हणाली. "सगळे म्हणाले, गंजाचं काम असेल तर तिथेच जा. झाकाझाकी करत नाहीत म्हणे तुम्ही."

तो काही बोलला नाही. बाईला वाटलं, ऐकू आलं नाही. लोकांनी तिला कानांचंही सांगितलेलं असणार. ती मोठ्यानं सांगू लागली. तिच्या नवऱ्याचं बाजारात शिवणकामाचं दुकान. दोन महिन्यांपूर्वी गावाबाहेरच्या रस्त्यावर चाक पंक्चर झालं. नवऱ्यानं जॅक लावला, चाक काढलं. एक नट घरंगळत गाडीखाली गेला. तो काढायला त्यानं हात आत घातला आणि गाडी खाली बसली.

"जॅक वरच घुसला. लोण्यात सुरी जावी तसा. उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला." ती गाडीच्या टपावर हात ठेवून बोलत होती, जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा. "शिंप्याची बोटं. दुसऱ्या कुणाची गेली असती तर काहीतरी निभावलं असतं. जॅक धड लावला नसणार. ह्यांना एक शिवण सोडलं तर कधी काही धड जमलं नाही. आता मलाच गाडी शिकावी लागली, दवाखान्यात न्यायला. पण दार लागत नाही, चालता चालता उघडतं."

"ठेवून जा," ठोकबा म्हणाला.

"किती दिवस?"

"तीन आठवडे."

त्या संध्याकाळी जेवताना त्यानं बायकोला सगळं सांगितलं. त्याला हळू बोलता येत नसे, म्हणून तिनं आधी खिडक्या लावून घेतल्या. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गप्प बसा. तुम्ही सांगितल्यानं त्या माणसाची बोटं उगवणार आहेत का?"

"नाही."

"मग? नवी पट्टी घाला, जीव ओतून घाला, आणि विषय संपवा. कुणाला कळणार नाही."

"भाऊजी सांगणार होते त्याला."

"जा आणि विचारा मग, सांगितलं का ते."

तो विचारायला गेला. भाऊजी खिडकीशी बसून भिंगातून पेपर वाचत होते. ताई दुकानात गेली होती. ठोकबानं शिंप्याच्या हाताचं सांगितलं तेव्हा भाऊजींनी भिंग खाली ठेवलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"वाईट झालं," ते म्हणाले.

"तुम्ही त्याला जॅकचं सांगितलं होतं ना?"

"हे बघ, जुनी गाडी घेणाऱ्यानं बघून घ्यायची असते. जगाची रीत आहे ती."

"भाऊजी, सांगितलं होतं का?"

"सांगितलं असतं तर त्यानं घेतली असती का?" भाऊजी पहिल्यांदाच आवाज चढवून बोलले. मग शांत झाले. "तुझ्या ताईला ह्यातलं काही बोलू नकोस. तिचं ब्लडप्रेशर वाढतं."

ठोकबा घरी आला. दुसऱ्या दिवशी त्यानं पट्टी कापायला घेतली. ग्राइंडर लावला की ठिणग्या उडायच्या त्या उडाल्या, आणि मग पात्याखालून पांढरी धूळ उडू लागली. लांबीची. पत्रा कापताना अशी धूळ येत नाही. जॅक जिथून घुसला होता तिथे मुठीएवढं भोक होतं, कडा आत दुमडलेल्या. भोकाच्या पलीकडे त्याचे बोळे जसेच्या तसे होते. फक्त ओल धरून पिवळे पडलेले. त्यानं ते एकेक करून बाहेर काढले आणि बाकावर ठेवले. फेकून का दिले नाहीत, हे त्यालाही नंतर सांगता आलं नाही. चार दिवस तो काम करत होता आणि कागद तिथेच होते. सांगायचं की नाही, हे रोज सकाळी ठरायचं आणि दुपारपर्यंत फिरायचं.

पाचव्या दिवशी शिंप्याची बायको काम कुठवर आलं ते बघायला आली. डाव्या बाजूचा मोकळा सांगाडा बघून घाबरली. मग तिचं लक्ष बाकाकडे गेलं.

"हे काय?"

"आतून निघालं."

तिनं एक बोळा उचलला, बोटांनी उलगडला. कापडाच्या घड्या सरळ करायची सवय असलेले हात. सुरकुत्या काढून कागद तिनं बाकावर सपाट पसरला. वरच्या कोपऱ्यात तारीख होती. तिनं तारखेवर बोट ठेवलं.

"हा तर आम्ही गाडी घेतली त्याच आठवड्यातला."

ठोकबानं हातातला पत्रा खाली ठेवला.

"म्हणजे आम्हाला विकायच्या आधी कुणीतरी हे भरलं. मुद्दाम." तिचा आवाज घसरत गेला. "तुम्ही इतकी वर्षं काम करता. हात बघून कळतं का तुम्हाला, कुणाचं आहे ते?"

"कळतं."

"कुणाचं?"

"माझं," ठोकबा म्हणाला. आणि नेहमीसारखा मोठ्यानं म्हणाला. रस्त्यावरून जाणाऱ्या एका माणसानंही वळून पाहिलं.

तिनं आरडाओरडा केला नाही. तसं झालं असतं तर त्याला सोपं गेलं असतं. शेजारच्या रिकाम्या डब्यावर ती बसली. त्यानं जेवढं झालं तेवढं सगळं सांगितलं: पट्टी, मंगळवार, ताई, जाळी, भाऊजींना घातलेली अट. तो थांबल्यावर ती म्हणाली, "सांगून तुम्हाला बरं वाटलं?"

"नाही."

"बरं झालं." ती उठली. "आता हेच माझ्या नवऱ्यासमोर सांगायचं. आत्ता. चला."

शिंप्याचं घर दुकानाच्या वरच. जिना अरुंद, पायऱ्यांवर कापडांच्या चिंध्या. शिंपी खिडकीपाशी मशीनसमोर बसला होता, पण मशीनवर कापड नव्हतं. उजवा हात मांडीवर, त्यावर एक मोजा घातलेला. पायानं तो पायटा उगाचच हलवत होता. चाक फिरत होतं आणि सुई रिकामीच वरखाली होत होती.

"हे ठोकबा," बायको म्हणाली. "तुम्हाला काहीतरी सांगायला आलेत."

ठोकबानं उभ्यानंच सांगितलं. शिंप्यानं पाय थांबवला. सगळं ऐकून घेतलं. शेवटी त्यानं एकच विचारलं.

"म्हणजे मी जॅक बरोबर लावला होता?"

"बरोबर लावला होता."

"जिथे लावायचा तिथेच?"

"तिथेच. गाडीबरोबर जे पुस्तक येतं ना, त्यातल्या चित्रात दाखवतात अगदी तिथेच."

शिंप्यानं बायकोकडे पाहिलं. दोन महिने ती त्याला जॅक धड लावला नाही हेच उठता बसता ऐकवत होती, आणि दोन महिने तो मनात तोच जॅक पुन्हा पुन्हा लावून बघत होता. बायकोनं तोंड फिरवलं. भिंतीशी कापडांचे गठ्ठे होते, त्यांवर ती डोकं टेकवून रडू लागली. शिंपी तिच्याजवळ गेला नाही. त्याचे डोळे कोरडेच होते. "मला वाटायचं, माझंच चुकलं," तो ठोकबाला म्हणाला. मग थोड्या वेळानं, "आता तुम्ही जा. पुन्हा येऊ नका."

शिंप्याच्या भावानं तक्रार नोंदवायला लावली. चौकशी अधिकाऱ्यानं ठोकबाला बोलावलं. त्यानं लिहून दिलं: काम माझं, पट्टी संपली आहे हे मी मालकाला सांगितलं होतं, जॅकबद्दलही बजावलं होतं, मालकानं ते घेणाऱ्याला सांगितलं नाही. अधिकारी म्हणाला, "तुमच्या बहिणीचे यजमान म्हणतात, त्यांना काहीच माहीत नव्हतं. गाडी तुमच्याकडे टाकली, तुम्ही काय केलंत ते तुम्हालाच ठाऊक. तुम्हाला जबाब बदलायचा आहे का?"

"नाही."

"सख्ख्या बहिणीचं घर आहे."

"म्हणूनच तर केलं होतं हे काम," ठोकबा म्हणाला.

निकाल व्हायला वर्ष लागलं. दोघांनाही शिंप्याला भरपाई द्यावी लागली आणि ठोकबाचा परवाना रद्द झाला. पण त्याच्या कितीतरी आधी, जबाबाच्या दुसऱ्याच दिवशी, ताई त्याच्या घरी आली होती. उंबऱ्याच्या आत आली नाही.

"त्यांनी सांगितलं होतं त्या माणसाला," ती म्हणाली. "मला स्वतः म्हणाले, बजावलं आहे म्हणून. आणि तू त्यांना कागदावर खोटं पाडलंस. आजारी माणसाला."

"ताई, मी त्यांना विचारायला गेलो होतो. ते म्हणाले—"

"मला ऐकायचं नाही. तुला वाढवलं ती माझी चूक." आणि ती गेली. कठडा धरून ती जिन्याची एकेक पायरी उतरत होती. ठोकबा वरून बघत होता, पण धरायला गेला नाही. गेला असता तर तिनं हात झटकला असता.

परवाना जाईपर्यंत शेड कशीबशी चालू होती. जुनी गिऱ्हाइकं एकेक करून फिरकेनाशी झाली. त्यांचं त्याला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते नव्यांचं. अनोळखी माणसं गाड्या घेऊन येत, इकडेतिकडे बघत आणि आवाज खाली आणून म्हणत, "आमचीही तशीच करून द्या की, त्या निळ्या गाडीसारखी. विकायची आहे." आवाज खाली आणलेला असल्यानं ठोकबाला आधी ऐकू यायचं नाही. तो म्हणे, "काय? मोठ्यानं बोला." मग ते निघून जात. एकाला मात्र त्यानं हातोडी घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत पळवत नेलं.

निळ्या गाडीचं काम त्यानं पुरं केलं. नवी पट्टी, तळाचा नवा पत्रा, आतून बाहेरून लेपण. शिंप्याची बायको न्यायला आली तेव्हा तिनं त्याचा शब्द घेतला नाही. टॉर्च घेऊन स्वतः गाडीखाली सरकली आणि स्क्रूड्रायव्हरनं वीतवीतभर अंतरावर टोचून पाहिलं. अर्धा तास ती खाली होती. बाहेर आली, साडीची माती झटकली आणि गाडी घेऊन गेली. ह्या वेळी तिसऱ्या गिअरमध्ये. दुकान आता तीच चालवते. शिंपी बेतून देतो, डाव्या हातानं खडूच्या रेघा मारतो, आणि ती कापते, शिवते. दोघं फारसं बोलत नाहीत असं लोक म्हणतात. पण ते आधीही फार बोलत होते की नाही, हे लोकांना कुठे ठाऊक?

निकालानंतरच्या हिवाळ्यात भाऊजी गेले. ठोकबाला ते पाववाल्याकडून कळलं. तो गेला आणि फाटकाबाहेर उभा राहिला. आतून एक शेजारीण आली आणि म्हणाली, "त्या म्हणताहेत, नको." तो परत आला.

तीन महिन्यांनी, भर दुपारी, ताई आली. ह्या वेळी आत येऊन बसली. ठोकबाची बायको पाणी ठेवून स्वयंपाकघरात गेली. ताई खूप वाळली होती. ती त्याच्या त्यातल्या त्यात बऱ्या कानाकडे तोंड करून बोलली.

"शेवटच्या आठवड्यात म्हणाले मला, मी त्या शिंप्याला काही सांगितलं नव्हतं. आपणहून म्हणाले."

ठोकबानं पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला.

"तू खरं लिहिलं होतंस. आता मला कळलंय ते." तिनं पाण्याचा पेला उचलला, प्यायली नाही, परत ठेवला. "पण कळलं म्हणून मन फिरत नाही रे. त्यांचं शेवटचं वर्ष त्या कचेरीच्या बाकांवर गेलं. तू त्यांचं नाव लिहिलंस. ते खोटं बोलले हेही खरं, आणि तू त्यांचं नाव लिहिलंस हेही खरं. दोन्ही गिळायची ताकद नाही आता माझ्यात."

"मी काय करायला हवं होतं, ताई?"

"तेव्हाच नाही म्हणायला हवं होतंस," ताई म्हणाली. "मी मागितलं तेव्हा. मी रागावले असते, महिनाभर बोलले नसते. संपलं असतं."

ती उठली. दारापर्यंत तो तिच्यामागे गेला. तिनं त्याला कुठल्याच नावानं हाक मारली नाही. त्यानंतर ती आली नाही, आणि त्यालाही जायचा धीर झाला नाही.

शेड त्यानं सोडून दिली. ग्राइंडर, गॅसचे सिलिंडर, ठोकळे, जे विकलं जाईल ते विकलं. गावाच्या दुसऱ्या टोकाला लोखंडी कपाटं बनवायचा कारखाना आहे, तिथे त्याला काम मिळालं. पहिल्या दिवशी मुकादमानं विचारलं, "आधी काय करत होतात?" ठोकबानं सांगायला सुरुवात केली ती पट्टीपासून, आणि शिंप्याची बोटं, जबाब, परवाना, सगळं एका दमात सांगितलं. आजूबाजूच्या यंत्रांवरची माणसं हात थांबवून ऐकत राहिली. मुकादम म्हणाला, "बाबा, मी एवढं विचारलं नव्हतं. पत्रा वाकवता येतो का, तेवढं सांगा."

"येतो," ठोकबा म्हणाला.

त्याला कपाटाच्या दारांवर बसवलं. पत्रा नवा कोरा येतो, तेलाचा हात दिलेला, गंजाचा ठिपका नाही. यंत्रात सरकवायचा, दांडा ओढायचा, कड वाकली की पुढच्या माणसाकडे द्यायचा. दिवसाला चाळीस दारं होतात. संध्याकाळी बायको विचारते, "दमलात?" आणि तो म्हणतो, "ह्या कामात दमण्यासारखं काही नाही."